अडकलेली सीडी, अकरा गाणी

आधी वस्तूचं सांगतो, गाण्याचं नंतर. डबी फुटकी आली. झाकणाचे दोन्ही कान मोडलेले, मधल्या चकतीचे दात तुटलेले, पाकीट हलवलं की आतले तुकडे खुळखुळ्यासारखे वाजायचे. ऑनलाइन मागवलेली, साडेआठशे रुपये मोजून, आणि आली तेरा दिवसांनी. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर तो विचारतो, 'सीडी वाजते का?' वाजते. 'मग?' या 'मग'पुढं काय बोलायचं? माझ्या दुकानात रिकाम्या डब्यांचं पोतं पडून आहे, त्यातली एक काढून चढवली आणि विषय मिटवला. पॅकिंगला पाचपैकी भोपळा.

माल मात्र अस्सल. टेलर स्विफ्ट या अमेरिकी गायिकेचा पहिला अल्बम, नावही 'टेलर स्विफ्ट'च. २४ ऑक्टोबर २००६ ला बाजारात आला तेव्हा पोरीला सतरा पुरी व्हायला दीड महिना कमी होता.

आता एकावन्न वर्षांच्या माणसाला हे कुठनं सुचलं? तर माझं कोल्हापुरात, राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरी पेटी आहे, गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या भजनात वाजवतो. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध एवढाच, की २००६ साली आम्ही तीस रुपयांत दीडशे गाण्यांची एम्पीथ्री सीडी भरून द्यायचो. चूक होती, पण तेव्हा सगळंच गाव करत होतं. दिवसातले कितीतरी तास लाइट नसायची, आली की सीडी भरायला रांग लागायची. त्यात इंग्रजी मागणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

तर मागच्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. तिशीची बाई, शाळेत शिकवते. जुना डेस्कटॉप रिक्षातनं घेऊन आली आणि टेबलावर ठेवत म्हणाली, "काका, मशीन गेलं तरी चालतंय, पण ड्राइव्हमध्ये सीडी अडकलीय, तेवढी नीट काढून द्या. मी उद्या येतो." (आमच्याकडं बायकाही 'येतो' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) ड्राइव्हचा ट्रे ओढणारा रबरी पट्टा कालांतरानं सैल पडतो आणि घसरतो, मोटर नुसती घुर्रर्र करत बसते. समोर एक बारीक भोक असतं, त्यात यू-पिन सरळ करून दाबली की ट्रे बोटभर बाहेर येतो. आला. आत ही सीडी. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या भावानं अमेरिकेतनं आणलेली, असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणि जाता जाता म्हणाली, "काका, हिला गिटार कोणी शिकवली माहीत आहे का? कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं."

मला वाटलं, चेष्टा करते. पण गोष्ट खरी निघाली. टेलर बारा वर्षांची असताना घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं तिला पहिल्या तीन कॉर्डस् (एकदम छेडायचे सुरांचे जुडगे) दाखवल्या, आणि तिनं बसून गाणं रचलं. आमच्या धंद्याचं नाव असं चांगल्या कारणानं कुठं निघत नाही हो. 'विंडोज टाकून द्या, पैसे पुढच्या महिन्यात' एवढंच आमचं नशीब. त्याच रात्री सीडी मागवली.

तीन कॉर्डस् म्हणजे काय, हे पेटीवाल्याला लगेच कळतं. गिटारवाले जी, सी, डी म्हणतात. जीला सा धरलं तर सी म्हणजे मध्यम आणि डी म्हणजे पंचम. सा, म, प. एवढ्यावर निम्मी भजनं निभतात आणि अमेरिकेतली निम्मी कंट्री गाणीही. कंट्री म्हणजे तिकडचं गावाकडचं गाणं. गिटार, व्हायोलिन (त्याला ते फिडल म्हणतात), घसरत्या सुरांची स्टील गिटार आणि गाण्यात एक गोष्ट. आणि बँजो. आपल्याकडं बेंजो म्हटलं की वरातीत पुढं वाजणारा, बटणं दाबून तारा छेडायचा तो बेंजो डोळ्यांसमोर येतो. हा बँजो वेगळा, गोल कातड्याचा, लांब मानेचा. कान लावला तर शेवटच्या गाण्यात टणटण ऐकू येतो. आमच्या भजनातला चकवावाला ऐकून म्हणाला, "ह्यो आपला बेंजो न्हवं, ह्येला वरातीत कोण इचारनार?"

आता पोरीची हकीकत. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातला, लहानपण ख्रिसमसची झाडं लावतात त्या शेतावर गेलं. वडील शेअर दलाल, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. आईची आई ऑपेरा गायची. घरात शास्त्रोक्त गाणं होतं आणि नातीनं धरली गावाकडच्या गाण्याची वाट. ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते आणि गाण्याच्या बैठकींचा देवल क्लब १८८३ पासून आहे, तिथं असं केलं असतं तर आजी वर्षभर बोलली नसती.

गुळाला जसं आपलं शाहू मार्केट यार्ड, तसं कंट्री गाण्याला टेनेसीतलं नॅशव्हिल. तिथं म्युझिक रो म्हणून भाग आहे, कंपन्यांची ऑफिसं एकाला एक लागून, आपल्या गुजरीतल्या सराफ दुकानांसारखी. अकरा वर्षांची असताना ही पोरगी कराओकेवर गायलेली टेप घेऊन या रस्त्यावर दारोदार फिरली. आई आणि धाकटा भाऊ गाडीत बसलेले, ही एकटी आत जाऊन टेप द्यायची. कुणी विचारलं नाही. कारण उघड होतं: दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या पोरी त्या गावात ढिगानं येतात. परत आल्यावर तिनं बारा तारांची गिटार धरली, बोटं सोलवटेपर्यंत, आणि स्वतःची गाणी करायला लागली. मला या हकीकतीतला हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. नकार मिळाल्यावर तिनं आवाज सुधारला नाही, माल बदलला.

तेराव्या वर्षी आरसीए या मोठ्या कंपनीनं तिच्याशी करार केला, पण तो 'तयारी'चा. म्हणजे आम्ही तुझ्यावर खर्च करू, अल्बम कधी काढायचा ते बघू. अठरा वर्षांची होईपर्यंत थांबावं असा त्यांचा विचार. पोरगी थांबली नाही, करार सोडला. आपल्याकडं दहावीतल्या पोरानं बँकेतली नोकरी नको म्हटल्यासारखं झालं. तोवर घरच्यांनी पेनसिल्व्हेनिया सोडून नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलमध्ये बिऱ्हाड हलवलं होतं, वडिलांनी नोकरीची बदली करून घेतली होती. चौदाव्या वर्षी सोनीच्या गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीनं तिला गीतकार म्हणून घेतलं, त्यांच्याकडची सगळ्यात लहान. शाळा सुटली की ही गावात जाऊन लिझ रोझ या अनुभवी गीतकार बाईबरोबर बसायची. लिझ रोझनं पुढं सांगितलं, की आपलं काम संपादकाचं होतं. पोरगी शाळेत घडलेलं घेऊन यायची, आपण फक्त कापाकापी करायची.

मग ब्लूबर्ड कॅफे. नाव मोठं, जागा छोटी. ओळीनं दुकानं असलेल्या एका साध्या कॉम्प्लेक्समधला गाळा, नव्वदेक माणसं मावतील एवढा. तिथं कधीकधी गीतकार मधोमध गोल करून बसतात आणि पाळीपाळीनं आपापली गाणी म्हणतात, ऐकणारे चहूबाजूंनी. आपल्या भजनाच्या बैठकीसारखंच, फक्त टाळ नाहीत. तिथं तिला स्कॉट बोर्चेटा या माणसानं ऐकलं. तो स्वतःची कंपनी काढायच्या बेतात होता. ऑफिस नाही, फर्निचर नाही, नुसता बेत. पोरीनं आरसीए सोडून या बेतावर विश्वास ठेवला. कंपनीचं नाव बिग मशीन. वडिलांनीही कंपनीत थोडा हिस्सा घेतला. हे सांगायलाच हवं, कारण 'गरीब पोरगी वर आली' अशी फोडणी देऊन ही गोष्ट सांगणारे खूप आहेत. बापाकडं पैसा होता, बदली घेण्याइतकी सोय होती. पण पैसेवाल्या बापांची पोरं आमच्या गल्लीतही आहेत. त्यातल्या एकानं गेल्या वर्षी दीड लाखाचा कीबोर्ड घेतला, त्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात.

आता गाणी. एकूण अकरा. सगळ्यांत लिहिणारी म्हणून तिचं नाव आहे, सात लिझ रोझबरोबर, तीन एकटीची. ध्वनिमुद्रण मुख्यतः नॅथन चॅपमन या माणसानं केलं, तोवर त्यानं एकही पूर्ण अल्बम केलेला नव्हता. तिच्या कच्च्या टेपा तोच करायचा. कंपनीनं मोठी नावं आजमावून बघितली, पण पोरीचा हट्ट की हाच पाहिजे.

पहिलं गाणं 'टिम मॅक्ग्रॉ'. हा तिकडचा मोठा कंट्री गायक, जिवंत माणूस, आणि त्याच्या नावावर पोरीनं गाणं केलंय. गणिताच्या तासाला सुचलं म्हणे. मित्र कॉलेजला दुसरीकडं निघालाय, सुट्टी संपली की ताटातूट; तर पुढं कधी या गायकाचं गाणं कानावर पडलं की तुला मी आठवावी, एवढाच मामला. विचार करा, रंकाळ्यावर फिरणाऱ्या पोरीनं आवडत्या गायकाचं नाव घेऊन 'हे लागलं की माझी आठवण काढ' म्हणावं. साधी गोष्ट आहे, सगळ्यांच्या मनात असते, लिहायचं सुचत नाही. पुढच्याच वर्षी एका पुरस्कार समारंभात हे गाणं तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या त्या गायकासमोर म्हटलं आणि शेवटी खाली उतरून त्याला आपलं नाव सांगितलं. तोवर दोघांची भेट झालेली नव्हती.

आवाजाचं खरं सांगतो. पातळ आहे. वरच्या सुरावर गेली की धार बोथट होते, खालच्या सुरावर श्वास ऐकू येतो. स्टुडिओत बरंच सावरून घेतलंय. २०१० च्या ग्रॅमी या तिकडच्या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात प्रत्यक्ष गाताना तिचा सूर हलला आणि त्यावरनं तिकडं भरपूर बोललं गेलं. आमच्या भजनात आण्णा म्हणून आहेत, हायस्कूलमधले इंग्रजीचे निवृत्त मास्तर, तबला वाजवतात आणि देवल क्लबाची एक बैठक चुकवत नाहीत. त्यांना दुकानात बसवून चार गाणी ऐकवली. पहिल्याला तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला चहा मागवला. चौथ्याला म्हणाले, "सूर कच्चा हाय रे. पण पोरगी जे बोलतीया ते तिचं सोताचं हाय. कुनाचं उसनं न्हाई." आणि पुस्तिका मागून घेतली.

ही पुस्तिकाच या सीडीची खरी किंमत आहे. मोबाइलवर ऐकणाऱ्यांना हे मिळत नाही. आत सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेत, पण सगळे लहान लिपीत, आणि मधेच कुठंतरी एखादं अक्षर मोठ्या लिपीतलं. मला आधी छपाईची चूक वाटली. आण्णांनी चष्मा सरकवला, पेन्सिल घेतली आणि मोठी अक्षरं ओळीनं कागदावर उतरवली. प्रत्येक गाण्यातनं एक निरोप निघतो! 'शुड हॅव सेड नो' हे फसवणाऱ्या पोरावर चिडून केलेलं गाणं आहे, त्यातनं एकच नाव पुन्हा पुन्हा निघतं. म्हणजे गाण्यात नाव घेतलं नाही, पण शाळेतल्या पोरापोरींना कळेल अशी सोय केली. आण्णा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "वर्गात माझ्याबी पोरी वहीच्या मागं असंच लिवायच्या, मी पकडायचो." पुढं तिचे चाहते अशा खुणा शोधण्यात रात्र रात्र घालवायला लागले, त्याचं मूळ या चिमुकल्या पुस्तिकेत आहे.

एकटीनं लिहिलेल्या तिन्ही गाण्यांवर मी जास्त वेळ दिला, कारण तिथं सांभाळून घ्यायला कोणी नाही. 'द आउटसाइड' तिनं बाराव्या वर्षी लिहिलंय, वर्गातल्या पोरींनी बाजूला टाकल्यावर. शब्द कोवळे आहेत, चाल ओळखीची. पण बारा वर्षं वय लक्षात ठेवून ऐकलं की गप्प बसायला होतं. 'शुड हॅव सेड नो' अल्बम पुरा होत आल्यावर ऐनवेळी आत घुसवलेलं, त्यामुळं त्यात घाई आहे आणि रागही ताजा आहे. तिसरं 'अवर साँग', शेवटचं. हे तिनं नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी केलं होतं, अल्बमसाठी नव्हेच. शाळेतली पोरं नंतरही तेच मागायला लागली म्हणून ठेवलं. दोघांचं असं ठरलेलं गाणं नाही, तर मग दार आपटलेला आवाज, रात्री आई झोपलीय म्हणून हळू बोललेला फोन, हेच आपलं गाणं, असा त्याचा नूर. डिसेंबर २००७ मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि सहा आठवडे तिथं राहिलं. एकटीनं लिहून, स्वतः गाऊन त्या जागेवर पोचलेली ती सगळ्यात लहान. शाळेच्या गॅदरिंगचं गाणं होतं हो ते.

बाकीच्यात 'टिअरड्रॉप्स ऑन माय गिटार' सगळ्यांना माहीत आहे. वर्गातला पोरगा हिला दुसरीच मुलगी आवडते म्हणून सांगत बसतो आणि ही हसून ऐकते. चांगलं आहे, पण मला जरा गुळचट वाटलं, काकवीत बुडवलेल्या पोळीसारखं. 'मेरीज साँग' शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्यावर आहे, सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या संसाराकडं इतकं निरखून बघणं सोपं नाही. 'अ प्लेस इन धिस वर्ल्ड' आणि 'स्टे ब्युटिफुल' वाजत असताना मी दोनदा गिऱ्हाइकाशी बोलायला उठलो, आणि परत आल्यावर काही चुकलं असं वाटलं नाही. सगळ्या गाण्यांत पोरगं, ट्रक, पाऊस आणि रडणं हे फिरून फिरून येतं. सलग अकरा ऐकली तर आठव्याला कंटाळा येतो. पाच आज, सहा उद्या, असं ऐका.

विक्रीचं थोडं. पहिल्या आठवड्यात चाळीसेक हजार प्रती गेल्या, नव्या पोरीला वाईट नाही, पण धुरळा उडवणारंही नाही. अल्बमच्या देशभरच्या यादीत पाचव्याच्या वर गेलाच नाही. पण खाली उतरायलाही तयार नाही: २००९ संपेपर्यंत १५७ आठवडे यादीत, त्या दशकात कुठलाच अल्बम इतका टिकला नाही. यामागं कष्ट किती, तर पहिलं गाणं रेडिओ केंद्रांना पाठवताना आई आणि लेक बसून स्वतः पाकिटं भरत होत्या. मग केंद्राकेंद्रावर जाऊन गिटार घेऊन गायची. सोबत मायस्पेस या तेव्हाच्या फेसबुकसारख्या साइटवर पोरांना उत्तरं लिहायची, तेव्हा कंट्रीवाल्यांना हे पोरकट वाटायचं. रास्कल फ्लॅट्स, जॉर्ज स्ट्रेट, ब्रॅड पेस्ली अशा मोठ्यांच्या कार्यक्रमाआधी अर्धापाऊण तास गायची. आपल्याकडं मोठा शाहीर यायच्या आधी पोरंटोरं स्टेज तापवतात तसं. दुसरा अल्बम २००८ मध्ये आला, त्याला ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून मान मिळाला, तेव्हा ती वीस वर्षांची.

एक गोष्ट मात्र धंदेवाला म्हणून मनाला लागली. पंधराव्या वर्षी केलेल्या सहीनं गाणी तिची, पण मूळ ध्वनिमुद्रणं कंपनीची. २०१९ ला कंपनी विकली गेली, त्याबरोबर ती ध्वनिमुद्रणंही गेली. तिनं मग पुढचे चार अल्बम पुन्हा गाऊन काढले. मे २०२५ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणंही विकत घेतली, आणि हा पहिला अल्बमही पुन्हा गाऊन झालाय असं तेव्हा सांगितलं. पण मला तो नवा पक्का आवाज ऐकायची घाई नाही. कच्च्या सुराचीच सीडी घेतली, ते बरं झालं.

घ्यावी का? गिटार शिकणारं पोरगं-पोरगी घरात असेल तर नक्की. तीन-चार कॉर्डस् येत असतील तर पहिल्या दिवशी वाजवता येतात, आणि शब्द ऐकून पोरांना कळतं की आपल्या वर्गातलंही लिहिता येतं. नवीन घेणार असाल तर विकणाऱ्याकडून डबीचा फोटो आधी मागवा, पुस्तिका आत आहे का तेही विचारा. पुस्तिका नसेल तर निम्मे पैसे फुकट. डबी फुटकीच आली तर माझ्याकडं पोतं आहे, एक घेऊन जावा, पैसे नकोत.

माझी सीडी दुकानात आहे. पुस्तिका आण्णांच्या घरी. दोनदा मागायला गेलो. दोन्ही वेळा आतनं आवाज आला, "थांब की, अजून दोन गानी राहिल्यात."